डब्यातला दिवा डब्याचाच असावा



घरात टेबलावर, पोटमाळ्यावर किंवा गच्चीतल्या खोलीत रूळ मांडून छोट्या आगगाड्या पळवणारी मंडळी आपल्याकडे मूठभरच आहेत. पण ज्याला हा नाद लागला त्याला तो जन्मभर पुरतो. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून उभं आहे. ते पाहून बाहेर पडणारं एखादं पोर वडिलांचा हात ओढत ‘आपणही करूया ना’ म्हणतं, तिथून पुष्कळांची सुरुवात होते. आधी एक इंजिन येतं, मग दोन डबे, मग स्टेशन, बोगदा. आणि एके रात्री खोलीतला दिवा मालवल्यावर लक्षात येतं, की गाडी धावते आहे खरी, पण डब्यांत अंधार आहे.

त्या डब्यांत दिवे कसे लावावेत याबद्दल आज बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. घरच्या मांडणीवरच्या प्रवासी डब्यातला दिवा रुळांतल्या विजेवर लावू नये, डब्यातच सेल ठेवून त्यावर लावावा. सोय हे त्याचं एक कारण आहेच. पण खऱ्या रेल्वेनेही आयुष्यातला मोठा काळ असंच केलं, हे त्याहून मोठं कारण.

थोडं मागे जाऊ. रेल्वेच्या डब्यात विजेचा दिवा पहिल्यांदा लागला तो ऑक्टोबर १८८१ मध्ये, इंग्लंडात, लंडन-ब्रायटन मार्गावरच्या ‘बीट्रिस’ नावाच्या पुलमन डब्यात. तोवर डब्यांत तेलाचे आणि गॅसचे दिवे असत. बीट्रिसमध्ये स्वान या इंग्रज संशोधकाचे दिवे होते आणि त्यांना वीज पुरवत होत्या फोर या फ्रेंच संशोधकाच्या पद्धतीच्या बॅटऱ्या. इंजिनाचा त्या दिव्यांशी काही संबंध नव्हता. म्हणजे डब्यातला विजेचा दिवा जन्माला आला तोच मुळी बॅटरीवर.

पुढे १८९० च्या दशकात लंडनच्या डेप्टफर्ड भागातल्या जे. स्टोन कंपनीने डब्याच्या तळाशी छोटा डायनामो टांगला. डब्याच्या आसावरून पट्टा घेतला आणि त्यावर डायनामो फिरवला. गाडी जोरात धावू लागली की पट्टा घसरायचा, त्यामुळे डायनामो मर्यादेबाहेर फिरत नसे. चालत्या गाडीत बॅटरी भरायची आणि उभ्या गाडीत तीच दिवे पेटते ठेवायची. आपल्या देशातही आसावर चालणारं यंत्र आणि डब्याखाली बॅटरी हीच रीत पिढ्यान् पिढ्या चालली. डायनामोच्या जागी अल्टरनेटर आले, २४ व्होल्टांचे ११० व्होल्ट झाले, मूळ कल्पना तीच राहिली. फलाटावर उभं राहून डब्याच्या पोटाखाली वाकून पाहिलं, की जुन्या निळ्या डब्यांखाली बॅटऱ्यांच्या पेट्या स्पष्ट दिसत. नव्या एलएचबी बनावटीच्या डब्यांना वीज जनरेटरच्या डब्यातून किंवा इंजिनातून येते. आपली डेक्कन क्वीनही २०२२ मध्ये त्या डब्यांवर गेली. पण १९३० साली सुरू झालेल्या त्या गाडीचं त्याआधीचं कुठलंही रूप तुम्ही घडवत असाल, तर दिवा डब्याचाच हवा.

आता आपल्या टेबलावर येऊ. साध्या पद्धतीत रुळांमध्ये शून्य ते बारा व्होल्ट एवढी एकदिश वीज खेळते. वीज वाढवली की इंजिन पळतं, कमी केली की थांबतं. चाकांवरून तार घेऊन डब्यात दिवे लावले, तर ते त्याच विजेवर जळणार. गाडी स्टेशनात शिरताना दिवे मंदावत जातात आणि फलाटाला लागली की डबे काळेठिक्कर पडतात. खऱ्या आयुष्यात नेमकं उलट घडतं. रात्रीची गाडी आपल्याला आतून दिसते ती फलाटावर उभी असतानाच. खिडकीशी टेकून बसलेली बाई, वरच्या बर्थवरून लोंबणारे पाय, दारात पाण्याची बाटली भरून परतणारा माणूस, हे सगळं उभ्या गाडीत दिसतं. म्हणजे जे दृश्य पाहायला आपण दिवे लावले, तेच दृश्य रुळांवरची वीज आपल्यापासून हिरावून घेते.

डिजिटल नियंत्रण आल्यावर हा मुद्दा बराचसा सुटला, हे मान्य केलं पाहिजे. त्यात रुळांवर पूर्ण वीज कायम असते आणि इंजिनाला फक्त आज्ञा जातात, त्यामुळे उभ्या गाडीतही दिवे राहतात. पण दुसरी कटकट उरतेच. चाकांवर आणि रुळांवर मळ साचतो, सांध्यावर चाक क्षणभर उचललं जातं आणि दिवे फडफडतात. त्यावर कपॅसिटर बसवता येतो. चाकांवर टेकणाऱ्या पितळी पट्ट्या मात्र प्रत्येक डब्याला थोडा थोडा ब्रेक लावतात, आणि दहा-बारा डब्यांची गाडी चढावर आली की इंजिन जागच्या जागी चाकं फिरवू लागतं. सेलवरच्या डब्याला यातलं काहीच नको. प्लॅस्टिकची चाकं असली तरी चालतात. रूळ कुठल्याही पद्धतीचे असोत, मित्राच्या मांडणीवर नेऊन ठेवलात तरी डबा उजळलेलाच.

आता प्रत्यक्ष काम. एक ते सत्त्याऐंशी हे प्रमाण घेऊ, कारण जगात सगळ्यात जास्त चालतं ते हेच. आपला जुना निळा डबा सुमारे २१.३ मीटर लांब. या प्रमाणात तो साडेचोवीस सेंटिमीटर होतो. रुंदी पावणेचार सेंटिमीटरच्या आतच. एवढ्या जागेत सेल कुठे लपवायचा? मला सगळ्यात आवडलेलं उत्तर म्हणजे संडासात. डब्याच्या दोन्ही टोकांना संडास असतात, त्यांच्या खिडक्यांना दुधी काच असते, आत कोणी डोकावून पाहत नाही. संगणकात आणि वजनकाट्यात जो नाण्याएवढा सेल असतो, २०३२ क्रमांकाचा, तो वीस मिलिमीटर व्यासाचा आणि तीन मिलिमीटरहून किंचित जाड असतो. मधली वाट थोडी चोरली तर असे दोन सेल एका टोकाला आरामात बसतात.

दोन का, ते सांगतो. एका सेलचे तीन व्होल्ट. पांढऱ्या एलईडीला मंद जळायलाही पावणेतीन व्होल्टांच्या आसपास लागतात. सेल थोडा उतरला की दिवा मलूल. दोन सेल एकापुढे एक जोडले की सहा व्होल्ट मिळतात आणि शेवटपर्यंत थोडा वाव राहतो. प्रत्येक एलईडीला ३.३ किलोओहमचा वेगळा रेझिस्टर लावा, म्हणजे त्यातून साधारण एक मिलिअँपिअर वाहील. एलईडीच्या पाकिटावर वीस मिलिअँपिअर लिहिलेलं असतं, ती त्याची कमाल मर्यादा. एवढी वीज दिलीत तर डबा दुकानाच्या पाटीसारखा झगझगेल. अंधाऱ्या खोलीत एक मिलिअँपिअर भरपूर होतो. डब्यात पाच दिवे धरले तर पाच मिलिअँपिअर; सेलची क्षमता २२० मिलिअँपिअर-तासांच्या घरात; कागदावर चव्वेचाळीस तास आले. प्रत्यक्षात थोडे कमी धरा. रोज संध्याकाळी अर्धा तास गाडी चालवणाऱ्याला एक जोडी दोन-अडीच महिने सहज जाते.

बारा व्होल्टांची तयार एलईडी पट्टी कापून लावणारेही पुष्कळ आहेत. ती दर तीन दिव्यांवर कापता येते आणि कारच्या रिमोटमधल्या बारा व्होल्टांच्या छोट्या सेलवर चालते. काम पटकन होतं, पण त्या सेलची ताकद पन्नास मिलिअँपिअर-तासांच्या आसपासच असते. मी सुटे एलईडीच सुचवीन. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत हे सगळं सामान किरकोळ पैशांत मिळतं, आणि दुकानदाराला काय करायचं आहे ते सांगितलंत तर तो रस घेऊन चार गोष्टी स्वतःहून सांगतो.

बटण कुठे बसवायचं? डब्याच्या पोटाखाली बॅटरीच्या पेटीचा जो प्लॅस्टिकचा आकार असतो, तो आतून पोखरून त्यात छोटं सरकतं बटण बसवा. खऱ्या डब्यात वीज जिथे होती, तिथेच तुमच्याही डब्याची वीज चालू-बंद होईल. ज्यांना डबा उचलायचा नसेल त्यांच्यासाठी चुंबकाची युक्ती आहे. रीड स्विच ही काचेची बारीक नळी. जवळ लोहचुंबक आला की तिच्यातल्या दोन पात्या चिकटतात. कॅनडातल्या रॅपिडो कंपनीच्या तयार संचात छतावरून चुंबकाची कांडी फिरवली की दिवे लागतात, पुन्हा फिरवली की विझतात. ब्रिटनच्या ट्रेन-टेक कंपनीने डब्याची हालचाल ओळखणारा संवेदक वापरला आहे; गाडी हलली की दिवे लागतात आणि ती थांबल्यावर काही मिनिटांनी आपोआप जातात. बटण बंद करायला विसरणाऱ्यांना हे वरदान आहे.

एवढं झालं की डबा उजळतो. पण तो खरा वाटेल की नाही, ते पुढच्या कामावर ठरतं. पहिली गोष्ट रंगाची. बाजारात सहज मिळणारा पांढरा एलईडी निळसर असतो. साध्या बल्बांचा काळ दाखवायचा असेल तर २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर घ्या. ट्यूबलाइटच्या काळातला डबा असेल तर मात्र तो थंड पांढरा रंगच बरोबर. एकाच गाडीत दोन्ही रंग मिसळले तरी हरकत नाही. वर्षानुवर्षं आपल्या गाड्यांना जुने-नवे डबे एकत्र जोडलेले आपण पाहिलेच आहेत.

दुसरी गोष्ट, प्लॅस्टिकचा डबा आतून उजळला की भिंतीच चमकायला लागतात, जणू आकाशकंदील. म्हणून छत आणि भिंती आतून आधी काळ्या रंगाने रंगवायच्या, वाळल्यावर त्यावर फिकट क्रीम रंगाचा हात द्यायचा. काळा थर उजेड अडवतो, क्रीम थर तो आत पसरवतो. छत जिथे भिंतीला टेकतं तिथली फटही काळ्या कागदाच्या पट्टीने बुजवा. हे काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेकजण ते टाळतात. माझ्या मते दिव्यांपेक्षाही ते महत्त्वाचं आहे.

तिसरी गोष्ट मला फार जिव्हाळ्याची वाटते. सगळ्या खिडक्या सारख्या उजळू नका. महालक्ष्मी एक्सप्रेससारखी रात्रीची गाडी करत असाल तर आठवून पाहा, रात्री अकराला शयनयान डबा कसा दिसतो. निम्म्या झडपा खाली, बहुतेक कप्प्यांत फक्त निळा रात्रदिवा, एखाद्याच कप्प्यात कोणाचं तरी बाळ उठलं म्हणून मोठा दिवा लावलेला. दारापाशी मात्र उजेड कायम. शयनयानात नऊ कप्पे असतात. त्यांच्यामध्ये पातळ पुठ्ठ्याच्या भिंती घातल्यात तर एका कप्प्याचा उजेड शेजारी सांडणार नाही. एक निळा एलईडी, दोन पिवळसर, बाकी अंधार. पाहणारा माणूस लगेच म्हणतो, ही रात्रीची गाडी आहे. आणि बाकांवर निदान चार-पाच माणसं बसवा. उजळलेला पण रिकामा डबा यार्डात उभ्या असलेल्या गाडीचा वाटतो.

वजनाबद्दल थोडक्यात. सेल छताला चिकटवू नका. डबा वरून जड झाला तर वळणावर लवंडतो. सेल नेहमी तळाशी, दिवे आणि तारा वर. दोन्ही टोकांचं वजन सारखं राहील असं पाहा.

सगळ्यांनी सेलच वापरावेत असा माझा हट्ट नाही. प्रदर्शनात दिवसभर चालणारी, पंधरा-वीस डब्यांची गाडी असेल तर दर थोड्या दिवसांनी प्रत्येक डबा उघडून सेल बदलणं परवडत नाही. तिथे रुळांवरची वीजच बरी. घरच्या तीन-चार डब्यांच्या गाडीला मात्र सेलसारखं दुसरं काही नाही. ज्याला सोल्डरिंग नुकतंच येऊ लागलं आहे अशा आठवी-नववीतल्या मुलालाही एका सुट्टीच्या दिवसात एक डबा पुरा करता येतो. सेल नवे असताना एकदा आणि महिन्याने एकदा मल्टिमीटरने मोजायला लावा. वीज कशी खर्च होते ते त्याला पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर कळेल. गाडी बरेच दिवस कपाटात राहणार असेल तर सेल काढून ठेवावेत. ते आत गळले तर तारा आणि डबा दोन्ही जातात.

शेवटी एक विनंती, आणि ती अगदी मनापासून आहे. हे नाण्यासारखे सेल लहान मुलांच्या हाती कधीही लागू देऊ नका. मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून गंभीर जखम होऊ शकते. संडासाच्या कप्प्यावरचं झाकण बारीक स्क्रूने बंद करा, नुसतं दाबून बसणारं ठेवू नका. नवे सेल पाकिटातच आणि उंचावर ठेवा, वापरलेल्यांच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ते वेगळ्या डबीत टाका. आणि मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी घरगुती उपाय करत बसू नका, तडक रुग्णालय गाठा.