एकक काय?



विज्ञानाचे सर समोरच बसलेत, म्हणून आधी कबुली देते. शाळेत माझे सर्वांत जास्त गुण गेले ते एकक न लिहिल्यामुळे. "दहा काय? आंबे की मैल?" असं सर विचारायचे.

गेल्या वर्षी आईच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ बाईंनी एका यंत्राबद्दल सांगितलं. कपाळावर पट्टी चिकटवली की पडद्यावर 0 ते 100 मधला आकडा येतो. त्याला बीआयएस म्हणतात. 100 च्या आसपास म्हणजे जागा, 40 ते 60 म्हणजे ऑपरेशनपुरती भूल. मी सवयीने विचारलं, "एकक काय?" त्या हसल्या. एकक नाहीच!

माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं. असा आकडा कुठून येतो हे खोदल्याशिवाय मला चैन पडेना. मेंदूचे विद्युत संकेत इवलेसे, व्होल्टच्या काही लाखांश. त्याच पट्टीतून कपाळाच्या स्नायूंचेही संकेत येतात आणि सेकंदाला साधारण 30 कंपनांच्या वर दोन्ही एकमेकांत मिसळतात. वेगवान संकेत दिसले की यंत्राचा कल 'जागा आहे' म्हणण्याकडे. आता स्नायू शिथिल करणारं औषध द्या. कपाळ गप्प होतं, आकडा उतरतो. पण त्या औषधाने गुंगी येत नाही. माणसाला फक्त हलता-बोलता येत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी हे तपासून 2015 साली प्रसिद्ध केलं. 10 स्वयंसेवकांना भूल न देता नुसतं हे औषध दिलं. एका हाताला आधीच पट्टा आवळला होता, म्हणजे औषध तिथे पोचणार नाही आणि त्या हाताने खूण करता येईल. काहींचा आकडा 60 च्याही खाली गेला. पूर्ण शुद्धीत! हे वाचलं त्या रात्री मी आईच्या खोलीत दोनदा डोकावले.

दुसऱ्या दिवशी बाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "एकट्या आकड्यावर आम्ही जातच नाही. मेंदूच्या लाटांचा आलेख बघतो, नाडी, रक्तदाब बघतो. मनगटाजवळच्या नसेला हलका झटका देऊन स्नायू किती शिथिल आहेत ते बघतो. आणि उच्छ्वासात भुलीचा वायू किती टक्के आहे, तेही." टक्का म्हणजे एकक नव्हे, असं सर म्हणतील. पण निदान कशाचा टक्का, ते तरी कळतं!

ऑपरेशन नीट झालं. आई शुद्धीवर आल्यावर मी तिला तीनदा विचारलं, मधे काही ऐकू आलं का गं?

"नाही गं बाई," ती म्हणाली, "आता तरी झोपू दे."