अंगठा गेला, पण कागद वाचता येतो का?

(सातारा-सांगली विभागाच्या शिबिरात रात्रवर्ग चालवणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे झालेले भाषण. बोलणे शक्यतो तसेच ठेवले आहे.)



वाड्यापाड्यांवर रात्रीचे वर्ग सुरू झालेत. कंदील आले, पाट्या आल्या. चांगलं झालं. पण कशासाठी शिकायचं हे ठरलं नाही, तर वर्ग चार महिन्यांत उठतो. हे आमच्या साताऱ्यात एकदा झालंय, म्हणून सांगतो.

१९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली. चौदा ते पन्नास वयाच्या सगळ्यांना लिहा-वाचायला शिकवायचं, हे गावानंच मनावर घ्यायचं. शिकवायला शाळेचे गुरुजी आणि गावातली शिकलेली पोरं. पगार कुणाला नाही. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. पुढं ही मोहीम राज्यभर गेली. पैसा नसताना गाव काय करू शकतं, ते तिनं दाखवलं.

पण समारंभ झाला आणि वर्ग उठला. घरात वाचायला काही नाही, कामात अक्षराची गरज नाही. वापर नसला की विळ्याला गंज चढतो, तसा अक्षराला चढला. कितीकांना सही तेवढी राहिली.

आता नुसती सही ही अंगठ्यापेक्षा धोक्याची. अंगठेवाला निदान विचारतो, "दादा, काय लिहिलंय यात?" सहीवाल्याला विचारायची लाज वाटते. तो सही ठोकतो आणि घरी जातो. सावकाराला, दलालाला असाच माणूस पाहिजे असतो.

मग खरं शिकणं कोणतं? जोतिबा फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आमच्या सातारा जिल्ह्यातलं. सावित्रीबाईंचं माहेर नायगाव, तेही इथलंच. जोतिबा पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. मिशनचा हेतू धर्माचा होता. जोतिबांनी ती विद्या शेतकऱ्याची लूट उघडी करायला वापरली. १८५५ साली दोघांनी कामकरी बायामाणसांसाठी रात्रीची शाळा काढली. आपला रात्रवर्ग त्याच वाटेवरचा आहे.

आफ्रिकेतही असंच झालं. तिथं खेड्यापाड्यांत चर्चनं वर्ग घातले, ते लोकांनी बायबल वाचावं म्हणून. युगांडात तर ख्रिस्ती झालेल्यांना लोक 'वाचणारे' म्हणायचे. शेजारच्या केनियात गोऱ्यांनी गिकुयू लोकांच्या जमिनी घेतल्या होत्या. तिथल्या मिशनच्या शाळेत शिकलेले जोमो केन्याटा १९२९ साली आपल्या लोकांच्या संघटनेतर्फे जमिनीचं गाऱ्हाणं घेऊन लंडनला गेले. अक्षर चर्चनं दिलं, पण ते जमिनीसाठी चालवायचं हे लोकांनी ठरवलं.

आणखी एक नाव ध्यानात ठेवा, पावलो फ्रेरे. ब्राझील देशातला शिक्षक. १९६३ साली अंजिकोस गावी त्यानं मजुरांचे वर्ग घेतले. आधी लोकांत बसून त्यांच्या रोजच्या बोलण्यातले शब्द गोळा करायचे आणि त्याच शब्दांवरून अक्षर शिकवायचं. शब्द लिहिता लिहिता चर्चा व्हायची, की आपलं हे असं का? पुढच्या वर्षी लष्करानं सत्ता घेतली, काम बंद पाडलं, त्याला तुरुंगात टाकलं. पाटी-पेन्सिलीला एवढं भ्यायचं कारण काय, ते तुम्हीच ओळखा. नंतर हाच माणूस जगभरच्या चर्चांच्या परिषदेत कामाला लागला आणि आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊ देशात साक्षरतेच्या कामाला गेला.

तेव्हा आपल्या वर्गात 'कमळ' आणि 'बदक' नंतर येऊ द्या. आधी 'जमीन', 'पावती', 'दंड', 'तलाठी' हे शब्द घ्या. आणि तीन कागद घरून आणायला सांगा.

पहिला सातबारा. सातमध्ये नाव कुणाचं, क्षेत्र किती, 'इतर हक्क' या रकान्यात काय लिहिलंय, ते बोट ठेवून वाचा. बारामध्ये पीक बघा. नाचणी तुम्ही काढली आणि कागदावर पड लिहिलंय, असं आहे का?

दुसरा फेरफाराची नोटीस. जमिनीच्या नोंदीत बदल करायचा तर तलाठ्यानं चावडीवर ती नोंद लावायची असते आणि ज्यांचा संबंध त्यांना कळवायचं असतं. हरकतीला पंधरा दिवस मिळतात. कागद न वाचता कनवटीला ठेवला तर दिवस निघून जातात. हेही पाठ असू द्या : ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला द्यायची तर आधी परवानगी लागते. तोंडी व्यवहार, कोऱ्या कागदावर सही, हे काही चालू द्यायचं नाही.

तिसरा कागद, जंगलखात्याच्या दंडाची पावती. ती चुलीत टाकू नका. सरकारनं २७ डिसेंबर १९७८ ला ठराव काढला, की ३१ मार्च १९७८ पूर्वीची वनजमिनीवरची लागवड अटी घालून नियमित करायची. तेव्हा आपण कसत होतो हे दाखवायचं कशानं? ज्या पावतीनं आपल्याला गुन्हेगार ठरवलं, तीच आपली साक्ष. पण तिच्यावर नाव बरोबर आहे का, तारीख आहे का, गाव कुठलं घातलंय, हे पैसे देतानाच वाचता आलं पाहिजे. दहा वर्षांनी वाचून दुरुस्ती होत नाही.

वर्ग कसा चालवायचा? बाया भाकऱ्या उरकून येतील ती वर्गाची वेळ. कामाला बाहेरगावी गेलेली माणसं पावसाळ्यात परत येतील, त्यांच्यासाठी तेव्हा परत पहिल्यापासून. पुढं गेलेल्यानं मागच्या एकाला हाताशी धरायचं. महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून तलाठ्याकडं जायचं आणि आपला उतारा आपणच वाचायचा. हीच आपली परीक्षा. आणि हे बुलेटिन कार्यकर्त्यानं वाचून दाखवू नये, वर्गातल्या बाईनं वाचावं. अडखळली तर अडखळू द्या.

समारंभ नाही केला तरी चालेल. ज्या दिवशी पाड्यावरची एखादी बाई कचेरीत म्हणेल, "साहेब, थांबा, आधी वाचते, मग सही," त्या दिवशी वर्ग लागू पडला म्हणायचा. पण वर्ग त्या दिवशीही उठवायचा नाही.

जिंदाबाद!