पापणी फिकट दिसते का?


वरोरा, चिमूर, भद्रावतीच्या माझ्या बहिणींनो,
आज बोलू या ॲनिमियाबद्दल.

हिमोग्लोबिनमुळे रक्त लाल दिसतं.
ते कमी होणं म्हणजेच ॲनिमिया; मग थकवा येतो, धाप लागते.
खालच्या पापणीची आतली बाजू फिकट पडते.
डॉक्टर पापणी ओढून पाहतात, ते यासाठीच.

आता मोबाईलचा कॅमेराही हे पाहू शकतो.
पापणीचा किंवा नखांचा फोटो काढायचा.
संगणक त्यातला रंग तपासतो,
आणि हिमोग्लोबिनचा अंदाज सांगतो.
सुई टोचायला नको!
अमेरिकेत, अटलांटाच्या संशोधकांनी,
२०१८ साली नखांच्या फोटोवर चालणारं असं ॲप मांडलं.

पण लक्षात ठेवा,
फोटो फक्त अंदाज देतो.
उजेड कमी असेल, नखांना मेंदी असेल,
तर तो चुकू शकतो.
खात्री रक्ततपासणीनंच होते.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल हा रक्ताचा आजारही आढळतो.
तो फोटोवरून ओळखता येत नाही.
त्यासाठी रक्ताचीच तपासणी हवी.
आणि सिकलसेल असेल,
तर लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

पुन्हा सांगते.
फोटो अंदाज देतो, खात्री रक्ततपासणी देते.
थकवा अंगावर काढू नका.
आशाताईंशी बोला,
आरोग्य केंद्रात जा,
आणि घरातल्या मुलींनाही सोबत न्या.