एक पेढी, एक मत?
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



बाप्पांच्या मांडवात मतदानाच्या नियमांवर बोलायचं म्हटल्यावर संयोजकांनी कपाळाला हात लावला होता. पण आपल्यातल्या निम्म्या घरांचा संबंध अडत, डाळमिल किंवा कोळार-कपनूरच्या कारखान्यांशी आहे. व्यापारी संघाची किंवा चेंबरची वर्गणी आपण भरतो. त्या वर्गणीबरोबर मत कुणाला मिळतं, हे मात्र फारसं कुणी वाचत नाही.

सहकारातला नियम आपल्याला पाठ आहे. हळ्ळीखेडच्या साखर कारखान्यात एकाचा एक शेअर असो की दहा, मत एकच. शेअरवाल्या कंपनीत उलटं, तिथं मतमोजणी मागितली की भांडवलाच्या प्रमाणात मतं. व्यापारी संघ या दोहोंच्या मधे लटकलेला. त्याचे सभासद माणसं नसून पेढ्या आणि कंपन्या. एकीकडे वाडी-सेडमचा सिमेंट कारखाना, दुसरीकडे दहा हमालांची डाळमिल. वर्गणी उलाढालीनुसार वेगवेगळी घेता येते आणि घ्यावीही. पण जास्त वर्गणी म्हणजे जास्त मतं असं ठरलं, तर छोट्यानं सभेला यायचं कशाला?

आणि सगळ्यांना एकेकच मत दिलं तर? मोठा म्हणेल, खर्च मी उचलायचा आणि ठराव तुम्ही करायचे. तोही अगदीच चुकीचा नाही. जर्मनीत यावर तोड काढलेली आहे. तिथल्या चेंबरचा कायदा 1956 चा. त्याच वर्षी आपला बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात आला आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर पलीकडे गेले. तिथं वर्गणी नफ्याप्रमाणे कमी-जास्त, मत मात्र सारखं. शिवाय धंद्यांचे गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गट आपापले प्रतिनिधी निवडतो. संख्येनं जास्त असलेल्या दुकानदारांनी सगळ्या जागा घेतल्या आणि कारखानदार कोरडे राहिले, असं होत नाही. मला ही पद्धत पटते.

हे महत्त्वाचं का, ते तुरीवरून बघा. 15 मे 2021 ला केंद्रानं तुरीची आयात खुली केली. अडतवाल्याला वाटतं, बाहेरचा माल आला की भाव पडणार, शेतकरी माल आणणार नाही. मिलवाल्याला हंगाम संपल्यावर मिल चालू ठेवायला कच्चा माल हवा, मग तो मोझांबिकचा का असेना. दोघेही एकाच संघाचे सभासद. 2019 मध्ये गुलबर्गा तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा दोघांनाही आनंद झाला. पण दिल्लीला पत्र कोणत्या बाजूचं जाणार, ते कार्यकारिणी ठरवते, आणि कार्यकारिणी मतदारयादी ठरवते.

म्हणून खरी भानगड यादीत असते. एकाच घराची डाळमिल, अडत आणि गोदाम अशी तीन नावं, तिघांच्या तीन पावत्या आणि तीन मतं. कायद्यानं त्या तीन वेगळ्या पेढ्या आहेत, त्यामुळे आक्षेप घेणाराच भांडखोर ठरतो. एका मालकीच्या पेढ्या मिळून एकच मत, असं नियमावलीत आधी लिहिलेलं असेल तरच अडवता येतं. निवडणूक जाहीर झाल्यावर सुचवलं, तर त्याला राजकारण म्हणतात.

आपल्याकडचा दुसरा घोळ वाटण्यांचा. संघ कंपनी कायद्याच्या कलम 8 खाली नोंदलेला असेल, तर भागीदारी पेढीही सभासद होऊ शकते. आजोबांच्या नावाची पेढी, तीन भाऊ वेगळे झाले, पाटी तीच. मतदानाला तिघेही हजर! कंपनीचं बरं असतं, कलम 113 प्रमाणे संचालक मंडळ ठराव करून प्रतिनिधी नेमतं. पेढीनंही तसंच सर्व भागीदारांच्या सह्यांचं पत्र द्यावं, आणि ते निवडणुकीच्या सकाळी नव्हे, वर्गणी भरतानाच. प्रॉक्सीचंही तेच. भागभांडवल नसलेल्या कंपनीत नियमावलीनं परवानगी दिली नसेल, तर सभासदाला प्रॉक्सी पाठवण्याचा हक्कच नाही. “माझ्या वतीनं मेहुणा येईल” हे तिथं चालत नाही.

राहिली थकबाकी. वर्गणी भरण्याची शेवटची तारीख आणि मतदान यांत दोन-तीन महिन्यांचं अंतर हवं. नाहीतर एखादा उमेदवारच शेवटच्या दिवशी पन्नास जणांची थकबाकी एका चेकनं भरतो. ते पन्नास जण मग कुणाला मत देणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

विसर्जन झालं की आपापल्या संघाची नियमावली मागून घ्या, ती सभासदाला मिळालीच पाहिजे. आणि दुकानात जुनी पावती काढून बघा, पेढीचं नाव काय लिहिलंय आणि प्रतिनिधी म्हणून कुणाचं. काही घरांत तिथं अजून वारलेल्या काकांचंच नाव निघेल.