बाजाराच्या दिवशी एक गोळी



कुणाची कंबर फार दिवस दुखते, अंगात बळ वाटत नाही. डॉक्टर रक्त तपासून सांगतात, "ड जीवनसत्त्व कमी आहे." अंगावर ऊन पडलं की हे जीवनसत्त्व कातडीत तयार होतं. ते कमी पडलं तर हाडं कमजोर होतात.

मग डॉक्टर ६०,००० युनिटची गोळी देतात. ती बहुधा आठवड्याला एकच असते. धडधाकट माणसाला रोज ६०० युनिट पुरतात. म्हणजे एका गोळीत शंभर दिवसांचा शिधा झाला!

कुणी म्हणेल, "रोज घेतली तर लवकर बरं वाटेल." तसं करू नका. क जीवनसत्त्व जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. ड जीवनसत्त्व तसं नाही. ते अंगातल्या चरबीत साठून राहतं. फार साठलं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं अन् मूत्रपिंडाला इजा होते.

मग काय करावं? चिठ्ठी स्वतः वाचा. 'आठवड्यातून एकदा' हे शब्द आता तुम्हांला वाचता येतात. गोळीसाठी आठवडी बाजाराचा दिवस धरा. जेवून गोळी घ्या आणि भिंतीवर एक रेघ ओढा. डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्या रेघा झाल्या, की थांबा. उरलेली गोळी शेजाऱ्याला देऊ नका. मुतखडा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

गोळ्या चालू असताना ओकाऱ्या झाल्या, फार तहान लागली, तर गोळी बंद करा. पाकीट बरोबर घ्या आणि केजच्या सरकारी दवाखान्यात दाखवा.