बॉम्ब कोणाचा?

(हीरक महोत्सवी समारंभात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



अशा प्रसंगी मुख्याध्यापिकेने शाळेच्या प्रगतीचा आलेख मांडावा, अशी प्रथा आहे. तो अहवालात छापला आहे, आपण सवडीने वाचालच. मला आज एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाविषयी बोलायचे आहे.

डिसेंबर २०१८च्या अखेरीस आपल्या कोलकात्याच्या नेताजी सुभाष गोदीत गाळ उपसताना सुमारे ४५० किलो वजनाचा, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला बॉम्ब सापडला. नाताळच्या सुटीनंतर सहावीच्या वर्गात मी ती बातमी वाचून दाखवली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "बाई, युद्ध तर केव्हाच संपलं. मग हा बॉम्ब आता कोणाचा?"

मी मराठीची शिक्षिका. 'चा, ची, चे' हा माझ्या रोजच्या पोटापाण्याचा विषय. तरीही त्या षष्ठीचे उत्तर मला त्या तासाला देता आले नाही.

२० डिसेंबर १९४२च्या रात्री या शहरावर जपानी विमानांनी पहिले बॉम्ब टाकले. ५ डिसेंबर १९४३ रोजी तर भरदिवसा खिदिरपूरच्या गोदीवर हल्ला झाला आणि हातावर पोट असलेले गोदीकामगार मोठ्या संख्येने मृत्युमुखी पडले. पण मातीत राहून गेलेली प्रत्येक वस्तू शत्रूचीच असते असे नाही. दोस्त राष्ट्रांचा दारूगोळा याच बंदरातून उतरत होता. खरगपूर, कलाईकुंडा, दूधकुंडी येथे अमेरिकी बॉम्बफेकी विमानांचे तळ होते. जून २०२४मध्ये झारग्राम जिल्ह्यातील एका गावात त्याच काळातला असावा असा एक बॉम्ब आढळला, तेव्हा गावकऱ्यांना दूर हलवून तो निकामी करण्यात आला. ज्यांचे आजोळ मुंबईचे, त्यांना १४ एप्रिल १९४४चा व्हिक्टोरिया गोदीतला स्फोट ठाऊक असेल. 'फोर्ट स्टिकिन' जहाजातल्या सोन्याच्या विटा त्या दिवशी दूरवर उडाल्या. पुढे गोदीचा गाळ उपसताना त्यांतल्या काही सापडत राहिल्या, आणि ऑक्टोबर २०११मध्ये ४५ किलोंचा एक जिवंत तोफगोळाही हाती आला. गाळ सोने आणि दारूगोळा सारख्याच इमानाने सांभाळतो.

आपल्याकडे असा बॉम्ब क्वचित सापडतो आणि तो काढायला लष्कर येते. लाओसच्या शेतकऱ्याचे तसे नाही. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने त्या लहानशा देशावर २० लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांत क्लस्टर बॉम्ब होते, म्हणजे पोटात शेकडो लहान गोळे भरलेले. असे सुमारे २७ कोटी गोळे पडले आणि त्यांतले सुमारे ८ कोटी फुटलेच नाहीत. युद्ध संपल्यावर त्यांनी २० हजारांहून अधिक माणसांना मारले किंवा जायबंदी केले. आकाराने ते टेनिसच्या चेंडूएवढे. मूल तो उचलते, कारण त्याला तो चेंडू वाटतो. मोठा माणूस उचलतो, कारण भंगाराला भाव आहे. मला या दुसऱ्या माणसाने अधिक अस्वस्थ केले. त्याला सारे कळत असते. कळूनही तो हात घालतो, कारण संध्याकाळी चूल पेटवायची असते. त्याला केवळ 'हात लावू नका' असे फलक देणे म्हणजे मदत नव्हे. धातुशोधक यंत्र घेऊन वीत वीत जमीन तपासणारी पथके तेथे काम करतात, त्यांत केवळ स्त्रियांची पथकेही आहेत. जमीन निर्धोक झाली की मगच तेथे निर्भयपणे नांगर घालता येतो.

ज्याचा पाय गेला, त्याचे काय? येथे आपल्या देशाचे नाव अभिमानाने घ्यावे. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८च्या सुमारास घडवलेला 'जयपूर फूट' अफगाणिस्तान, कंबोडिया येथील सुरुंगपीडितांपर्यंत पोहोचला. तो लावून अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, भाताच्या चिखलात उतरता येते. शेतकऱ्याला तेच हवे असते.

आता त्या षष्ठीकडे वळते. २००३ साली झालेल्या एका आंतरराष्ट्रीय मसुद्यात असे ठरले की, जमीन ज्याच्या ताब्यात त्याने ती साफ करावी, आणि ज्याने शस्त्र टाकले त्याने माहिती व साहाय्य द्यावे. भारताने तो मसुदा स्वीकारला आहे. मात्र त्यात 'शक्य असेल तेथे' असे शब्द आहेत, आणि व्याकरण शिकवणाऱ्या बाईला अशा शब्दांचा संशय येतो. क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणाऱ्या २००८च्या करारावर अमेरिकेने सही केलेली नाही, आपणही केलेली नाही. हेही मुलांपासून लपवू नये. २०१६मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा लाओसला गेले, आपल्या देशाची नैतिक जबाबदारी त्यांनी मान्य केली आणि सफाईसाठी तीन वर्षांत ९ कोटी डॉलर देऊ केले. शेवटचा बॉम्ब पडल्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी 'तो आमचा' एवढे म्हटले गेले.

शाळेच्या हाती काय होते? आम्ही परिपाठात एक नियम सांगितला. अनोळखी धातूची वस्तू दिसली तर हात लावायचा नाही, जागा लक्षात ठेवून मोठ्यांना सांगायचे. आणि सांगणाऱ्या मुलाला कोणीही रागवायचे नाही, तो कोठे भटकत होता हे विचारायचे नाही. नियमाचा हा दुसरा भाग शिक्षकांसाठी होता. रागावण्याच्या भीतीने मूल गप्प बसते, वस्तू दप्तरात लपवते.

चौथ्याच दिवशी सातवीतली एक मुलगी माझ्या खोलीत आली. घरी देवघराशेजारी तोफगोळ्याचे पितळी नळकांडे आहे, आजोबा त्यात उदबत्त्या ठेवतात आणि ते रिकामे आहे असे सांगतात. "पण बाई, खालपर्यंत कोणी बघितलंय?" मी तिच्या वडिलांना फोन केला, त्यांनी पोलिसांना बोलावले. नळकांडे रिकामेच निघाले. पोलिसांसमोर देवघर उघडावे लागले म्हणून आजोबा सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. आज ते पहिल्या रांगेत बसले आहेत, आणि मघाशी त्यांनीच मला पाण्याचा पेला पुढे केला.