गाडीतला कंपनीचा रेडिओ बिघडल्यास

कारखान्यातूनच बसवून आलेला रेडिओ बंद पडला की अधिकृत सेवा केंद्रात बहुधा संपूर्ण संच बदलण्याचाच सल्ला मिळतो. वॉरंटी चालू असेल तर तोच मार्ग योग्य, कारण बाहेर संच उघडला तर ती नाकारली जाऊ शकते.

वॉरंटी संपली असेल तर आधी फ्यूज पाहावा. रेडिओला सहसा दोन वाटांनी १२ व्होल्टचा पुरवठा होतो: एक कायमचा, दुसरा चावी फिरवल्यावरचा. पहिला तुटला की घड्याळ आणि साठवलेली केंद्रे पुसली जातात. दुसरा तुटला की संच सुरूच होत नाही. एका बाजूने आवाज येत नसेल तर स्पीकर किंवा त्याची वायर तपासावी. केंद्रे खरखरत असतील तर अँटेनाचा सैल सांधा शोधावा. यांपैकी बरेच दोष संच न उघडता दूर होतात, आणि खरी बचत इथेच आहे.

दोष आतच असेल तर सुटलेले सोल्डर, निकामी कपॅसिटर किंवा जळालेली अ‍ॅम्प्लिफायर आयसी ही नेहमीची कारणे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात असे सुटे भाग मिळतात. कुशल कारागीर तेवढाच भाग बदलतो. खर्चाचा अंदाज मात्र आधी घ्यावा.

बॅटरी सोडवण्यापूर्वी रेडिओचा सुरक्षा कोड हाताशी ठेवावा. अनेक संच वीज तुटल्यावर तो मागतात. जुना संच विकत घेतानाही त्याचा कोड मागून घ्यावा आणि भाग क्रमांक जुळवून पाहावा.